साडूंचा पडताळा

रुग्ण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवताना नेमके काय सोपवावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घेतल्याखेरीज ती सांगितली गेली असे न मानणारा मनुष्य अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच झाला. ते माझे साडू.

परभणीतल्या एका रुग्णालयात ते एक्स-रे आणि सीटी स्कॅन विभागाचे प्रमुख डॉक्टर होते. वॉर्डातून रुग्ण आणणाऱ्याने तो कोण, कशासाठी आला आणि त्याला काय जपायचे हे सांगावे, व घेणाऱ्याने ते जसेच्या तसे म्हणून दाखवावे, असा त्यांचा दंडक होता. तो रुग्णालयाच्या फाटकाशी थांबत नसे. घरीदेखील "बिनसाखरेचा, गरम" असे स्वतः म्हटल्यावरच ते चहाचा कप हाती घेत. मानवतच्या एका लग्नात पाठवणीच्या रडारडीत त्यांनी वरपित्याला अडवले. "मुलीला वांगं चालत नाही, अंगावर गांध्या उठतात. म्हणा बरं." वरपित्याने ते म्हटले, तेव्हाच गाडी हलली. माझी मेहुणी म्हणे, "दाजी, यांना नमस्कार केला तरी पोचपावती द्यावी लागते!"

एका उन्हाळ्यात सोनपेठकडच्या एक आजी पोटदुखीसाठी दाखल झाल्या. पूर्वी स्कॅनच्या इंजेक्शनने त्यांचा चेहरा सुजून श्वास अडला होता. ते औषध पुन्हा देणे जिवावर बेतले असते. त्यांच्या खाटेवर ऊन येई. शेजारची बाई नळावर जाताना म्हणाली, "पडा जरा माझ्या खाटेवर, पंखा हाय." आजी आडव्या झाल्या. नेमके त्या शेजारणीचेच इंजेक्शन देऊन स्कॅन व्हायचे होते. रुग्णांची ने-आण करणाऱ्या वॉर्डातल्या मामांनी खाट पाहिली, "चला आजी, स्कॅनला" म्हटले, आणि आजी मुकाट निघाल्या.

विभागात मामांनी शेजारणीचे नाव व आजार सांगितला. तंत्रज्ञाने ते अक्षरशः म्हणून दाखवले. दंडकात कोठेही उणे नव्हते. तंत्रज्ञाने नाव घेऊन विचारले, "तुम्हीच ना त्या?" आजी म्हणाल्या, "व्हय." इंजेक्शन भरले गेले. तेवढ्यात साडू आत आले आणि आजींचा धीर वाढावा म्हणून सहज म्हणाले, "आजी, नाव काय तुमचं?" आजींनी स्वतःचे नाव सांगितले, ते भलतेच निघाले.

"अहो, मग मघाशी हो का म्हणालात?" तंत्रज्ञ ओरडला.

"दवाखान्यातल्या मान्सानं इचारल्यावर न्हाई कसं म्हनावं, बाबा? तुमी बोलावलं, आमी आलाव."

"आजी, माझी नोकरी घालवता का?" मामा म्हणाले.

"तूच तर उठवलंस की रं! लय ग्वाड झोप लागली व्हती."

सगळे हसले, साडू हसले नाहीत. त्यांनी भरलेले इंजेक्शन बाजूला ठेवले आणि आजींना आधीचा त्रास विचारला. दोन माणसांनी एकमेकांना चूक बिनचूक म्हणून दाखवली होती, आणि जिचा जीव होता तिला कोणी बोलूच दिले नव्हते. त्या दिवसापासून रुग्णाचे नाव आणि आधीचा त्रास रुग्णाच्याच तोंडून ऐकायचा, नाव आपण सुचवायचे नाही, असे ठरले.

आता साडू निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला असतात. फोनवर हळूच विचारतात, "अजून विचारतात का हो तिथं?" मला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वाचकांना विनंती, की आपले माणूस तपासणीच्या खोलीत जाईल, तेव्हा त्याचे नाव त्यालाच विचारले जाते का, हे आपण स्वतः पाहावे.