विहिरीवरचा चित्रगुप्त

हिच्या मामांइतका मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पुढे पाहीन असं वाटतही नाही. आमच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा माझ्या वडिलांनी पत्रात माझी उंची जरा हात सैल सोडून लिहिली होती. चहा-पोहे झाले, मुलगी आत गेली, आणि मामांनी खिशातून टेप काढून मला सर्वांदेखत दाराच्या चौकटीशी उभं केलं. "दोन इंच कमी आहेत," त्यांनी जाहीर केलं. माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. पण मामांनी टेप गुंडाळत पुढे सांगितलं, "हरकत नाही. आमच्या पोटमाळ्यावर चढला तर डोकं आपटणार नाही." अशा रीतीने माझं लग्न पोटमाळ्याच्या कृपेने जमलं, आणि तेव्हापासून त्या घरात काहीही मोजायचं असलं की टेपचं दुसरं टोक धरायला मला बोलावणं येऊ लागलं.

मामा एका औषधांच्या कारखान्यात यंत्रांचे काटे-तबकड्या दुरुस्त करत. घर मुलुंडला, तळमजल्यावर. वरच्या मजल्यावरची हवेशीर जागा मिळत असताना त्यांनी ही घेतली, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोसायटीची विहीर दिसायची. कोकणातल्या माणसाला विहीर दिसली की बाकीचे दोष दिसत नाहीत. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, तेवढ्यात घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं, आणि मे महिन्यात तेही पाणी करंगळीएवढं. विहीर मात्र बरीच वर्षं कुणी वापरली नव्हती. सेक्रेटरींचं म्हणणं, ती मेलेली आहे; बुजवू आणि तिथे स्कूटरींसाठी शेड बांधू. मामा बैठकीत उठून म्हणाले, "मेली म्हणता, नाडी कुणी बघितली?" तेव्हा असं ठरलं, की शुक्रवारी सकाळी पंप लावून सेक्रेटरींच्या देखत विहीर उपसायची. रविवारच्या बैठकीपर्यंत तिच्यात आपोआप पाणी भरताना मामांनी दाखवलं तर विहीर राहील, नाहीतर सोमवारी भरावाचा ट्रक येईल.

दुसऱ्या कुणीही दोरीला दगड बांधून सोडला असता. मामांना दिवस-रात्र, पंधरा-पंधरा मिनिटांनी नोंद हवी होती, आणि तीही माणसाचा हात न लागलेली. मामींच्या भाच्याने अमेरिकेतून एक कॅमेरा पाठवला होता, क्षणात फोटो देणारा. मामांनी त्यात मामींचा एकच फोटो काढला, तोही जांभई देताना, आणि दुसऱ्याच दिवशी कॅमेरा उघडून ठेवला. त्यात एक सोनेरी चकती होती. ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज फेकते आणि तो समोर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर ओळखते. "फोटो काढणं हे तिचं फुकट गेलेलं आयुष्य होतं," मामा म्हणाले. विहिरीवर आडवा बांबू टाकून ती बरोबर मधोमध टांगली, म्हणजे कडेच्या दगडांवरून चुकीचा आवाज परत येऊ नये. तिचं म्हणणं लिहून घ्यायला कुर्ल्याच्या भंगारातून एक यंत्र आणलं. त्यात चावीवर सरकणारी कागदाची गुंडाळी आणि तिच्यावर आपोआप रेघ ओढणारं पेन होतं. त्याचं नाव मामांनी चित्रगुप्त ठेवलं.

खरी पंचाईत विजेची झाली. सोसायटीच्या मीटरवरून वायर द्यायला सेक्रेटरींनी साफ नकार दिला, म्हणून सगळं टॉर्चच्या सेलवर आलं. मामींचा रेडिओ मुका झाला, माझा टॉर्च आंधळा झाला. पण चकती हाक मारायची त्या क्षणी इतकी वीज ओढायची की बिचाऱ्या चित्रगुप्ताचं पेन दचकून कागदाबाहेर जायचं. मामांनी दोन संध्याकाळी विचार केला आणि निकाल दिला, "एका चुलीवर ह्या दोघांचं जमणार नाही. वेगळं काढायला हवं." चकतीला तिचे सेल, चित्रगुप्ताला त्याचे. तरी पेन भरकटतच होतं. तेव्हा त्यांनी दोन्हीकडची काळी वायर एकत्र पिळली. "वेगळे राहिले तरी देव्हारा एकच हवा, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही." सेल टिकावेत म्हणून चकतीला दर वेळी जागं करून, विचारून, पुन्हा झोपवायचं अशीही सोय केली. तिचं पहिलं उत्तर मात्र ते धरत नसत. "झोपेतून उठल्या उठल्या माणूस काय बोलतो त्याला अर्थ नसतो. जावईबुवा, तुमच्याकडे बघूनच सुचलं हे."

शुक्रवारी विहीर उपसली. पेन हळूच, अगदी लाजत, वर सरकू लागलं. फारच हळू. शनिवारी दुपारपर्यंतची चढण पाहून सेक्रेटरी खिडकीतून ओरडले, "मामा, यापेक्षा माझ्या टकलावर केस लवकर येतील!" त्या दिवशी मामांनी ताटात भात तसाच ठेवला. चकतीचे सेल मंदावले होते म्हणून नवे आणायला ते बाजारात गेले आणि मला पहाऱ्यावर बसवलं. मामींनी मला प्रेमाने आत बोलावून काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे वाढले. नको म्हणायच्या आत आणखी वाढले. त्यानंतर पहारा मी डोळे मिटून केला.

जागा झालो तेव्हा मामा परत आले होते आणि चित्रगुप्ताचं पेन कितीतरी वर गेलं होतं. "मामा, जिंकलो!" मी ओरडलो. मामांनी चष्मा लावला. बराच वेळ कागद बघितला.

"जावईबुवा, ही विहीर जिना कधीपासून चढायला लागली?"

खरंच, मघापर्यंतची सरळ चढण जाऊन रेघेला लहान लहान पायऱ्या पडल्या होत्या. झऱ्याचं पाणी असं थांबून थांबून येत नाही. बादलीचं येतं.

मामा स्वयंपाकघरात गेले. पिंप कोरडं, हंडे कोरडे. पाणी यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडायची होती. "अगं, काय केलंस हे?"

मामी मान वर न करता तांदूळ निवडत होत्या. "माका काय विचारतास? तुमच्या चित्रगुप्ताक विचारा."

मी मामांना बाजूला घेऊन म्हटलं, "राहू द्या ना, कुणाला कळणार आहे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी उंची आणखी दोन इंच कमी झाली.

रविवारी बैठकीत त्यांनी गुंडाळी टेबलावर पसरली, कात्री काढली आणि सर्वांसमोर पायऱ्यांचा तुकडा कापून टाकला. "हे पाणी विहिरीचं नाही. माझ्या घरचं आहे." उरलेली दोन टोकं डिंकाने जोडली. बादल्यांच्या आधीची चढण आणि नंतरची चढण, दोन्ही तंतोतंत सारख्या तिरक्या होत्या.

"एवढीच?" सेक्रेटरींनी विचारलं.

"एवढीच. पण थांबलेली नाही. रात्रीही नाही."

सेक्रेटरी कागद उलटसुलट करत राहिले. दारात बायका घोळक्याने उभ्या होत्या, त्यांच्यात मामीही, पदर तोंडाशी धरून. शेवटी सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "च्यायला, जो माणूस स्वतःच्या फायद्याची रेघ कापतो, त्याची उरलेली रेघ खोटी म्हणायची कशी? ट्रकवाल्याला नको म्हणून कळवा कुणीतरी. शेड मागे बांधू." त्या मे महिन्यात सोसायटीची धुणीभांडी विहिरीच्या पाण्यावर झाली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामी दहिसरला लेकाकडे असतात. परवा गेलो होतो तेव्हा न राहवून विचारलं, "मामी, त्या शनिवारी मी घरी गेल्यावर मामा फार चिडले होते का हो?"

मामींनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "चिडायला वेळ कुठे होता? शेजारून कळशीभर पाणी मागून आणलं त्यांनी. मला वाटलं चहाला आणलं. तर मला पाटावर बसवलं आणि सगळं माझ्या पायांवर ओतलं. बादल्या वाहून सुजले होते ना."

साडीचा काठ पावलांवर ओढत त्या म्हणाल्या, "कोमट करून."