वयाप्रमाणे

किडनीचा तुकडा तपासणीला आला की शिंगटे काका फॉर्मवरचं नाव अंगठ्याखाली झाकत आणि आधी वय वाचत. कामोठ्याच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नवीन टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना याचं कारण विचारलं. म्हणाले, "नाव वाचलं की जीव अडकतो. वय वाचलं की काय बघायचं ते कळतं."

काका मूळचे साताऱ्याकडचे, राहायला सानपाड्याला. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. शेवईच्या काडीएवढा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे आणि काचेवर घेऊन चांदीच्या द्रावणात रंगवायचे. चांदीमुळे किडनीच्या गाळणीतला पडदा काळ्या रेघेसारखा उठून दिसतो. काच लवकर बाहेर काढली तर रेघ दिसत नाही, उशीर झाला तर सगळंच काळं होतं. "घड्याळाचं ऐकू नकोस," ते म्हणत. "काढ, बघ, परत ठेव."

एका वयस्कर बाईंच्या काचेवर मला पडदा जाड दिसला आणि मी घाबरून काकांना हाक मारली. त्यांनी मला समजावलं की वयाबरोबर पडदा जाड होतोच, पण तो मजबूत होत नाही. त्यातलं कोलेजन वाढतं, त्याचे धागे एकमेकांना घट्ट जखडतात आणि रक्तातली प्रथिनं मागे लोटणाऱ्या साखरेच्या साखळ्या कमी होत जातात. म्हणून जाड होऊनही तो गळू शकतो. मग म्हणाले, "वय कुठं संपतं आणि आजार कुठं सुरू होतो, याची मला अजून धास्ती वाटते बघ."

पुढच्याच वर्षी काकूंच्या किडन्या रक्तदाबाने निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. किडनी द्यायला घरचं कोणी हवं होतं. मुलगी बाळंतीण, काकूंच्या बहिणीला मधुमेह. काका अठ्ठावन्नचे होते, पण तेच जुळले. फक्त त्यांच्या लघवीत प्रथिनांचा किंचित अंश सापडला. डॉक्टर म्हणाले, आधी बायोप्सी करू, मग ठरवू. तो तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका कंबर धरून लॅबमध्ये आले. घरी आराम करायला सांगितलं होतं, पण त्यांना राहवलं नव्हतं. मला म्हणाले, "चांदी तू कर. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय." मी तोवर एकटीने जेमतेम चार-पाच वेळा चांदी केली होती. तुकडा इवलासा होता. काप वाया गेले असते तर त्यांना पुन्हा सुई घ्यावी लागली असती. काका बाहेर बाकावर बसले. मी काच बाहेर काढली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, परत ठेवली. तिसऱ्या वेळी रेघा दिसल्या.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बराच वेळ बघितलं. दोन-तीन गाळण्या बंद पडल्या होत्या, पडदा थोडा जाड होता. सगळं वयाप्रमाणे आहे, आजार दिसत नाही, असं त्यांनी काकांना सांगितलं. काकांनी तेच त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. 'वयाप्रमाणे' या ज्या शब्दाने ते आम्हाला धीर देत, त्याने त्यांना स्वतःला धीर येत नव्हता.

किडनीच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की ही किडनी अठ्ठावन्न वर्षांची आहे, तरुण माणसाच्या किडनीइतकी ती टिकेल असं सांगता येणार नाही, आणि काकांनाही पुढे एकीवरच भागवायचंय. काकू नको म्हणाल्या. तेव्हा काका म्हणाले, "तू तरी कुठं विशीतली हायस? सत्तावन्नची हायस. तू आन् ही किडनी, दोघी बरोबरीच्याच, जमंल तुमचं."

ऑपरेशन झालं, किडनी चालली. पण काकांची झोप गेली ती गेलीच. कामावर परतल्यावर दर महिन्याला काकूंचा रिपोर्ट ते बंद पाकिटात माझ्याकडे आणून देत आणि तोंड फिरवून उभे राहत. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती चालते ते सांगणारा, आकडा ठीक आहे म्हटलं की जेवणाचा डबा उघडत. स्वतःच्या तपासण्या मात्र पुढे ढकलत. मी टोकलं की म्हणत, "आधी तिचं बघू."

निवृत्त झाल्यावर पाच महिन्यांनी, भाजी आणायला म्हणून खाली उतरलेले काका सोसायटीच्या जिन्यातच कोसळले. हृदयविकाराचा झटका होता. किडनीची एवढी धास्ती घेतलेला माणूस भलत्याच कारणाने गेला.

तेरावं झाल्यावर काकू एकट्या लॅबमध्ये आल्या. हातात पाकीट होतं. "ते गेले, आणि ही माझ्याकडं ठेवून गेले," त्या पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून म्हणाल्या. "माझ्या हातनं काय बिघडलं तर? पाणी प्यायचं म्हटलं तरी भ्या वाटतं गं."

मी पाकीट फोडून आकडा सांगितला. मागच्या महिन्याएवढाच होता. त्यांनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला.