मुखवट्याची आतली बाजू

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. खून, दरोडे बरेचसे विसरलो; कोर्टाचं समन्स येईपर्यंतच ते लक्षात ठेवायचे असतात. पण नांदेडला निरीक्षक असताना एका लाकडी मुखवट्याच्या चोरीचा तपास केला होता, तो मात्र डोक्यातून जात नाही. त्यात कुणी मेलं नाही, कुणाला शिक्षाही झाली नाही. तरीही.

लातूरचे एक नामवंत चित्रकार नांदेडच्या एका सभागृहात प्रदर्शन घेऊन आले होते. भिंतींवर त्यांची मोठमोठी चित्रं आणि मधोमध, चारी बाजूंनी काच असलेल्या पेटीत, एक काळपट लांबट मुखवटा. पश्चिम आफ्रिकेतला, शंभर वर्षांहून जुना, असं पाटीवर लिहिलं होतं. या मुखवट्यानेच आपली आधुनिक चित्रकला घडवली, त्यात आदिम ऊर्जा आहे, असं ते उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले. बंदोबस्तावरचा आमचा हवालदार पुढे आठवडाभर चहाला आदिम ऊर्जा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखवालदाराने दार उघडलं तर पेटी रिकामी. त्याने बोंब ठोकली आणि आम्ही पोचायच्या आधी पत्रकार पोचले. चित्रकारांना लातूरहून बोलावून फिर्याद घेतली. सही करताना त्यांना घाम फुटला होता. जीव लावलेली वस्तू गेली की माणसाचं असंच होतं, अशी मी समजूत करून घेतली. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. पंचनाम्यात तसं लिहिलंही. लिहिलं आणि पुढे गेलो.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणारा एक आफ्रिकन मुलगा आदल्या दिवशी पेटीभोवती घुटमळत होता आणि चित्रकारांशी हुज्जत घालत होता, एवढं सांगून बोलणाऱ्याने फोन ठेवला. आम्हाला तेवढं पुरलं. मुखवटा आफ्रिकेतला, मुलगा आफ्रिकेतला. गणित सुटलं.

तासाभरात तो ठाण्यातल्या बाकावर होता. खोलीच्या झडतीत पुस्तकं, कुकर आणि सुक्या मिरच्यांचा डबा सापडला. त्याचं शेवटचं सत्र चालू होतं. व्हिसाची मुदत बारा दिवसांत संपणार होती आणि ती वाढवायला आमच्याच अधीक्षक कार्यालयाचा दाखला लागणार होता. गुन्ह्यात नाव आलं की दाखला नाही, आणि दाखला नाही तर पदवी न घेताच घरी. हे त्याला ठाऊक होतं, मलाही होतं. चौकशीत अशी माहिती कामाला येते. मी ती वापरली.

संशयिताला कबुलीसाठी एखादं सभ्य कारण हातात द्यावं लागतं, ही माझी जुनी पद्धत. मी म्हणालो, तुमच्या देवाची वस्तू परक्या गावात काचेत ठेवलेली पाहून मन दुखलं असेल, समजू शकतो. चार वर्षांत तो हिंदी आणि इथलं मराठी मिळून बरंच शिकला होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, माझे मामाच मुखवटे करतात. वाळवी लागली की जुना टाकतात, नवा करतात. मला पाहिजे असता तर मामाला फोन केला असता ना."

मग हुज्जत कसली घातलीस, असं विचारलं. हुज्जत नव्हती, म्हणाला. मागच्या बाजूने पाहिलं तर मुखवटा आतून खडबडीत होता, छिन्नीचे वळ तसेच. तोंडावर घालून नाचलं तर गाल सोलून निघतील. कडेला दोरी ओवायला भोकंही नव्हती. हा कुणी कधी घातलेला नाही, एवढंच त्याने चित्रकारांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याची बहीण त्यांच्या राजधानीत मोटारसायकलच्या भंगारातून शिल्पं करते, हेही सांगितलं. "परदेशी लोक येतात, बघतात आणि तिला विचारतात, तुमचे मुखवटे कुठं आहेत? इथं पण तेच झालं. ते चित्रकार सर म्हणाले, ती आता काय करते ते सोड, आजोबा काय करायचे ते सांग."

दुसऱ्या दिवशीही मी त्याला बोलावलं, दिवसभर बसवून ठेवलं. काही निघालं नाही. शेवटी आमचे जमादार कंटाळून म्हणाले, "साहेब, लातूरला एक मिस्त्री हाय. नवी दारं जुनी करून देतो हॉटेलवाल्यांना. माझ्या साडूनं दोनशे वर्षं जुनं म्हणून घेतलंय एक. गेल्या साली केलेलं."

तिसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन लातूर गाठलं. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान. फोटो दाखवायची वेळच आली नाही. मुखवटा समोर पाटावर उपडा पडला होता आणि मिस्त्री तो आतून पॉलिश कागदाने घासत होते.

"चाचा, हे कुणाचं?"

"माझंच हाय साब. म्याच केलंय. तीन महिने शेणखतात पुरलं, मंग धुरी दिली. परवा सरांनी वापस आणून टाकलं. आतून गुळगुळीत कर, कडंला भोकं पाड म्हणले. तोंडाला लावायचं हाय हे आधी सांगायचं की. म्या भिंतीसाठी समजून केलतं."

पुढचं सोपं होतं. सभागृहाची दुसरी किल्ली चित्रकारांकडे होती. मुंबईहून एक समीक्षक येणार होते. त्याआधी मुलाने दाखवलेले दोष दुरुस्त करून मुखवटा जागेवर ठेवायचा बेत होता. रखवालदाराने बोंब ठोकली आणि खरं सांगायची वेळ निघून गेली. निनावी फोन त्यांच्या ड्रायव्हरचा निघाला. जबाब देताना चित्रकार म्हणाले, "वस्तू खोटी असेल साहेब, प्रेरणा खरी होती." जबाबाच्या कागदावर प्रेरणेसाठी रकाना नसतो.

फिर्याद खोटी, असा अहवाल मी तयार केला. वरून फोन आला, 'गैरसमजातून' असं लिहा. मी तसं लिहिलं. मुलाचं नाव गुन्ह्यातून निघत होतं, दाखल्याला एवढं पुरेसं होतं, आणि मला भांडायचा कंटाळा आला होता. अहवाल मी स्वतः अधीक्षक कार्यालयात नेऊन दिला. मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

दाखला मिळाल्यावर तो ठाण्यात आला. आभार मानायला आला असेल असं वाटून मी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "सर, मुखवटा जपानचा असता तर तुम्ही कुणाला बोलावलं असतं?"

तो नमस्कार करून गेला, पुढे पदवी घेऊन मायदेशी गेल्याचंही कळलं. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. नांदेडात जपानी माणूस नव्हता. म्हणजे मला पहिल्याच दिवशी ते न तुटलेलं कुलूप नीट बघावं लागलं असतं.