मिलिटरीच्या गाड्यांचे ब्रेक आणि आमचे दौलतराव मिस्तरी

दौलतराव मिस्तरी पहिल्यांदा आमच्या दारात आले ते राख मागायला. लढाई संपून मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या, त्या मोटारवाल्यांनी कापूस वाहायला घेतल्या. त्या दुरुस्त करायला मिस्तरींनी नाचणगावात, आमच्या वस्तीला लागून, टिनाचे छप्पर टाकले.

"बाई, चुलीतली राख भेटन काय?"

"भांडे घासाले?"

"नाई, गाडीखाली पसरवाले."

मला वाटले, माणूस अर्धवट आहे. शिवाय तेव्हा वरच्या आळीचे कोणी आमच्या दारी काही मागायला येत नसे. मी टोपले भरून राख दिली. ते ओट्यावर टेकले, पाणी मागून प्याले आणि गेले. वस्तीत दोन दिवस त्या पाण्याचीच चर्चा होती.

त्यांची रीत अशी. संध्याकाळी चाळलेली राख गाडीखाली पसरायची आणि सकाळी थेंब कुठे पडला ते बघायचे. काळा थेंब इंजिनाचा, जाड आणि उग्र वासाचा गिअरपेटीचा, आणि चाकाजवळ पाण्यासारखा पसरलेला तो ब्रेकचा. तो दिसला की मिस्तरी चहा तसाच ठेवून गाडीखाली शिरत. "इंजिनाचं तेल गळते थे बोंबलून सांगते, बाई," ते म्हणत, "ब्रेक मुका रायते. थो एकदाच बोलते."

बारा वर्षे राख माझ्याच चुलीची गेली. आमचे मालक वारले, मुलगा नागपूरच्या गिरणीत गेला, सून आणि नातू त्याच्यामागे गेले. एकटीचा स्वयंपाक तो किती आणि राख ती किती? पण मिस्तरींना कमी पडू नये म्हणून मी दोन काटक्या जास्तच जाळत आले. हे त्यांना माहीत नाही. आता वाचतील.

मिस्तरींच्या साठीच्या सत्काराला अंक निघतो आहे, त्यात तुम्हीही लिहा, असे मोटारवाल्या मंडळींनी सांगितले तेव्हा मी आधी हसले. मी दोन बुकं शिकलेली. नातवाला पत्र लिहिते तर ओळ वर वर चढत जाते. पण आनंद झाला, खोटे कशाला बोलू! शेजारणीला हाक मारून दोनदा सांगितले. मग जाताजाता मंडळी म्हणाली, की सत्कार झाला की मिस्तरी छपराला कुलूप लावून भुसावळकडे, भावाच्या घरी, कायमचे जाणार आहेत. तेव्हापासून पेन्सिल हातात आहे.

त्यांची एकच गोष्ट सांगते. दोन वर्षांमागे आम्हाला दीक्षेला नागपूरला जायचे होते. शेषराव ड्रायव्हरची सहाचाकी गाडी ठरली. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत रस्त्यावर उभी, लेकरांच्या अंगावर नवे सदरे. मिस्तरींनी ब्रेकच्या डब्यात बोट बुडवले आणि हुंगले.

"शेषराव, यात काय टाकलं?"

"इंजिनाचं मोबिल टाकलं जरासं. ब्रेकचं तेल सरलं होतं. तेल थे तेल."

"तेल थे तेल? मंग घरी वरणाले बी मोबिलचीच फोडणी देजो!"

सगळे हसले. मिस्तरी हसले नाहीत. त्या तेलाने आतले रबरी वायसर फुगतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही, असे त्यांनी सांगितले. "गाडी जाणार नाई."

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "आपण दीक्षेले जाऊच नये, असं हाय यायच्या मनात." मिस्तरींनी ते ऐकले. सदरा काढून खुंटीला लावला आणि गाडीखाली गेले. मलाही क्षणभर तसेच वाटले होते, हे लिहिताना लाज वाटते.

ऊन डोक्यावर आले तरी ते वायसर बदलतच होते. पुसायला स्वच्छ फडके पाहिजे होते, तिथे सगळीच तेलकट. मी नव्या लुगड्याचा पदर फाडला.

"बाई, नवं हाय ना थे!"

"मंग का जुनं देऊ? पुसा."

मग आपल्याजवळचे ब्रेकचे तेल भरून, शेषरावांना पेडल मारायला लावून त्यांनी ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली, आणि स्वतःच त्यांच्या बाजूला बसून आमच्यासोबत निघाले. केळझरच्या उतारावर वळणातून गुरांचा कळप आडवा आला. गाडी जागच्या जागी थांबली. आम्ही बाया एकमेकींवर कोसळलो. एक गाय पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर उभी होती. ज्याने तसे बोल लावले होते, तोच खाली उतरला आणि मिस्तरींना पाण्याचा तांब्या दिला. नागपुरात मिस्तरी गाडीपाशीच थांबले. आम्ही परत आलो तेव्हा एवढेच म्हणाले, "झालं काय, बाई? बरं झालं."

परवा मी त्यांच्या छपरात गेले आणि सरळ विचारले, "काऊन चालले, भाऊ?"

त्यांनी हात पुढे केला. थरथरत होता. "वायसर बोटातून पडते. कोणाचा जीव जाईन माह्या हातानं."

"हात गेला, नाक तर हाय ना? ड्रायव्हर लोकं खोलतीन, तुमी बसून हुंगा."

"सत्कार काय नाकाचा करून राह्यले?" ते हसले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिकडं घरात चार माणसं हायेत, बाई. इथं सांजच्याले बोलाले कोण हाय?"

मधे एक काट्याचे कुंपण. इकडे मी एकटी भाकर खाते, तिकडे ते एकटे खातात, आणि लोक काय म्हणतील म्हणून बारा वर्षांत मी त्यांना एकदाही जेवायला बसा म्हटले नाही. आता छापूनच म्हणते, म्हणजे लोकांनाही वाचता येईल: भाऊ, उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येत जा.

आणि मोटारवाल्या मंडळींनो, शाल घालून त्यांना वाटेला लावू नका. दोन्ही हात धरून थांबवा. दौलतराव मिस्तरींना निरोगी शंभर वर्षे लाभोत, आणि ती सगळी नाचणगावात लाभोत.