गल्ली नंबर पाचमधलं फुकटचं शिक्षण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहा तोंडात असताना हा किस्सा ऐकलात तर माझ्याच सदऱ्यावर उडवाल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्यात गल्ली नंबर पाचमध्ये माझं भांड्यांचं दुकान होतं आणि जाहिरातीत मी स्वतःला बादशहा समजायचो. का नाही समजणार? टॉकीजमध्ये मध्यंतराला माझी स्लाइड लागायची. पांझरेच्या पुलापर्यंत एक भिंत सोडली नव्हती. सार्वजनिक मुतारीवरसुद्धा माझं नाव होतं! आणि बाजाराच्या दिवशी आमचा गुलाबराव रिक्षावर भोंगा बांधून माझ्या नावाने अख्खं धुळं डोक्यावर घ्यायचा.

समोरच पारसमलशेठांचं दुकान. तीच पातेली, तेच डबे, तेच कुकर. माणूस गोड, बोलणं मोजकं. आता मला सांगा, असा माणूस एके दिवशी जाहिरातच बंद करतो. स्लाइड काढून घेतो. भिंतीवरचं नाव पुसट झालं तरी रंग मारत नाही. तुम्हाला संशय आला नसता?

मला आला. माझा संशय तसाही दाराशीच बसलेला असतो.

वर आणखी एक भानगड. दर बुधवारी दुपारी शेठांच्या मागच्या खोलीत बायका जमायला लागल्या. शेठांची सून कांचन त्यांना कुकर वापरायला शिकवायची. फुकट! त्या काळी बायका कुकरला बॉम्बसारखं भ्यायच्या हो. शिट्टी झाली की स्वयंपाकघर रिकामं! तर ही कांचन शिट्टी उचलून दाखवायची, रबर कसं धुवायचं ते सांगायची, तूरडाळ शिजवून खायला घालायची. वर चहा. आणि एवढं करून "आमच्याकडून घ्या" हा शब्द नाही!

मी रस्ता ओलांडून गेलो.

"शेठ, यात तुमचा फायदा काय?"

"बायकांची भीती जाते, भाऊ."

"ती जाते हो. तुम्हाला काय मिळतं?"

शेठ नुसते हसले. म्हणाले, "चाय लोगे?"

हसले! म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय. नगरपालिकेला उभे राहणार? भिशी काढणार? की जुने कुकर पॉलिश करून गळ्यात मारणार? शेवटी मी बायकोला, शैलाला, हेर म्हणून पाठवलं.

"जा, अनोळखी असल्यासारखी बस. काय विकतात तेवढं बघून ये."

"अहो, समोरासमोर दुकानं आपली. अनोळखी कशी बसू?"

"मागे बस!"

ती गेली आणि संध्याकाळी खुशीत परतली. "काही विकत नाहीत हो. फौजदारी डाळ शिकवली. काय सुरेख झाली होती!"

पुढच्या बुधवारी ती मी न सांगताच गेली. त्याच्या पुढच्या बुधवारी तर आमच्याच घरातून लसणाची चटणी घेऊन गेली. झालं! बायको फितली! माझ्याच घरात, माझ्याच ताटाला ताट लावून शत्रूचा माणूस जेवायला बसत होता. ती चटणी वाढायला आली की मी तिच्याकडे डोळे बारीक करून बघायचो. ती म्हणायची, "डोळ्यांत काही गेलंय का?"

आता गप्प बसून चालणार नव्हतं. मी गुलाबरावाला बोलावलं आणि एक सावधानतेचा इशारा लिहून त्याच्या हातात दिला. शेठांचं नाव घातलं नाही. सभ्य माणूस ना मी! मजकूर असा: "माता-भगिनींनो, गल्ली नंबर पाचमध्ये दर बुधवारी दुपारी तीन वाजता कुकरचं शिक्षण फुकट. चहा फुकट. खाणं फुकट. एवढं सगळं फुकट का? विचार करा!"

कसा आहे? झोंबरा आहे की नाही?

पण गुलाबरावाचा गळा सेलच्या जाहिरातीत घडलेला. त्याला दुसरी चालच येत नव्हती. तो 'फुकट' शब्दाला असा काही हेल काढायचा की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप वळावेत. आणि शेवटी सवयीने जिभेवर आलं ते पदरचं घालून मोकळा झाला: "विचार काय करता? आजच या! येताना शेजारणीला आणा!"

हे मला कधी कळलं? बुधवारी दुपारी तीनला. नऊवारी नेसलेल्या एक आजी माझ्या पायरीवर चढल्या, मागे सात-आठ बायका.

"भाऊ, फुकट कुकर शिकाडतस ते दुकान हाईच शे का?"

मी दात आवळून समोर बोट केलं. बघतो तर काय, गल्लीत नुसती लुगडी आणि छत्र्या! बायका मागच्या खोलीत मावेनात, म्हणून कांचनने स्टोव्ह बाहेर आणला आणि रस्त्याच्या मधोमध, म्हणजे जवळजवळ माझ्याच पायरीशी शिकवायला सुरुवात केली. बाजूला कोथिंबीर निवडत कोण बसलेलं? आमची शैला!

पारसमलशेठ हात जोडत माझ्याकडे आले. "भाऊ, उपकार झाले. मी समजत होतो भोंग्यात दम नसतो. आमच्या शिकवणीची एवढी जाहिरात तुम्ही कराल असं वाटलं नव्हतं."

टोमणा आहे का म्हणून मी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. वरून पाहिला, बाजूने पाहिला. नव्हता हो टोमणा! डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला जास्तच राग आला.

डाळ खाऊन झाल्यावर त्या आजी वळल्या. "भाऊ, तुनाकडे बी कुकर शेतस ना? एक दाखाड बरं."

बघा! भोंग्याचं गिऱ्हाईक शेवटी भोंगेवाल्याकडेच आलं! मी ऐटीत खोकं फोडलं आणि कुकर सगळ्यांसमोर धरला.

"झाकण लाईसन दाखाड," आजी म्हणाल्या.

आणि इथे माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यभर कुकर खोक्यासकट विकले होते. आत जाऊन बसणारं ते झाकण मी एकदाही लावलं नव्हतं! आडवं धरलं, जाईना. उभं धरलं, पाऊण गेलं आणि अडकलं. जोर लावला तर दांडा सोडून सगळं आत पडलं आणि खडखडायला लागलं. आता बाहेरही येईना! कुकर उलटा करून मी बुडावर थापट्या मारायला लागलो.

"काका, तिरकं करा," कांचन हळूच म्हणाली.

"मला येतं!" मी ओरडलो. घामाने चष्मा नाकावर उतरला होता.

शैला पदराला हात पुसत आली, माझ्या हातातून कुकर घेतला, मनगट जरासं वळवलं. झाकण बाहेर. पुन्हा वळवलं. झाकण आत, दांड्यावर दांडा, खट्!

गल्लीत जो हशा उठला, तो माझ्या भोंग्यापेक्षा लांब गेला असेल. आजींनी मात्र माझ्याकडे मायेने पाहिलं. म्हणाल्या, "भाऊ, तू बी बुधवारले येत जाय ना. लाजू नको."

पुढच्या बुधवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रस्ता ओलांडला. दारातच शैला भेटली.

"काय हो, पाळत ठेवायला आलात?"

"नाही गं," मी म्हटलं, "झाकण शिकायला."