आठ दिवसांची पाठराखीण

आई आमच्याकडे लंडनमध्ये, स्टॅनमोरला राहायला आली, त्या हिवाळ्यात शनिवारी दुपारी टीव्हीवर एक जुनी अमेरिकन मालिका लागायची. यादवी युद्धाच्या आधीचा काळ, कापसाचे मळे, मळेवाल्याचा मुलगा आणि त्याच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला त्यांचाच एक गुलाम. दोघांची अगदी गट्टी. आईला इंग्रजी समजायचं, पण त्या उच्चारांपुढे तिनं हात टेकले होते. त्यामुळे ती मेथी निवडत बसायची आणि दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात.

तिचे प्रश्न संपायचे नाहीत. ह्या दोघांना एका टेबलावर जेवू देतात का? गुलामाचं लग्न कोण ठरवतं? मला काय ठाऊक! मी काय तिथे होते? पण हळूहळू मलाही तिच्याइतकंच कुतूहल वाटायला लागलं होतं.

एका भागात गुलामानं मला मोकळं करा म्हणून विनवलं. मळेवाल्याचा मुलगा कळवळून म्हणाला, तू तर माझा भाऊ, मला सोडून कुठे जाशील?

"अरे मेल्या, भाऊ म्हणतोस तर सोड की त्याला!" आई टीव्हीवर खेकसली.

इथेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी माझी मुलगी खाली कार्पेटवर होमवर्क करत होती. तिनं मान वर केली. "आई, ते दोघं तर यूच म्हणतात. तू एकाला तू आणि एकाला तुम्ही का म्हणते?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मालकाचं अरे-तुरे आणि गुलामाचं अहो-जाहो, सगळं माझ्याच पदरचं.

"बरोबरच सांगतेय ती," आई म्हणाली. "नोकर मालकाला तू कसं म्हणेल?"

"मावशी पण तुला तुम्ही म्हणतो, आजी. तो तर तुझा बेस्ट फ्रेंड आहे ना?"

मावशी म्हणजे आमच्या पुण्याच्या घरी राहणारी. आईच्या माहेरच्या स्वयंपाकीणबाईंची मुलगी, आईच्याच वयाची. दोघी एकत्र सागरगोटे खेळलेल्या. आईचं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीला सासरी एकटं वाटू नये म्हणून रिवाजाप्रमाणे मावशीला पाठराखीण म्हणून सोबत धाडलं. पाठराखीण आठेक दिवस राहते आणि परत जाते. ही राहिलीच. घर तिनं सांभाळलं, मलाही तिनंच वाढवलं. आई येईल-जाईल त्याला सांगायची, ही माझी मैत्रीण.

आईनं मेथीचं ताट बाजूला सारलं. "फोन लाव गं तिला."

कॉलिंग कार्डावरचा भलामोठा नंबर फिरवून मी फोन स्पीकरवर ठेवला.

"काय गं, तू मला तुम्ही का म्हणतेस?" आईनं थेटच विचारलं.

"अगंबाई! ताई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? थंडी बाधली?"

"मला काही झालेलं नाही. आपण मैत्रिणी आहोत ना?"

"आहोत की."

"मग तू म्हण."

मावशी हसली. "आता कुठे जीभ वळायची, ताई!"

आईही हसेल असं मला वाटलं. पण ती टीव्हीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "एक सांग. तेव्हा आठ दिवसांनी तुला परत जायचं होतं?"

कार्डावरचे पैसे संपले की काय, म्हणून मी फोन उचलून पाहिला.

"होतं," मावशी म्हणाली. "पेटी भरून ठेवली होती मी. तुम्ही रडलात, म्हणून रिकामी केली."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं कुठे, ताई?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला आईचा राग आला आणि तिची कीवही.

"तिकडे मेथी मिळते का हो?" मावशीनं विषय बदलला.

"मिळते," आई म्हणाली, आणि तिनं मेथीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.