कर्नेलला हात कोणी लावला?

‘त्या माणसाने परवानगी न घेता यंत्रांचे कर्नेल बदलले, म्हणून ती बंद पडली.’ अमरावतीच्या आमच्या अंध विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेत परवा सभा झाली. तिथे चिटणिसांनी हे वाक्य पुन्हा उच्चारले आणि माना डोलल्या. निवृत्तीनंतर मी तिथे गणित शिकवतो. मला हे मान्य नाही, आणि सभ्यपणे गप्प बसण्याचे माझे वय उरलेले नाही.

तो माणूस म्हणजे आमचे संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ. तो अकोल्याहून बसने येई. पडद्यावर काही बिघाडाचे उमटले की आम्ही कळा बडवू लागत असू. तो आमचा हात हलकेच बाजूला सारी. “पयले मशीन काय म्हणून राहिली, ते तं वाचा, सर.” मग सारा संदेश तो सावकाश, मोठ्याने वाची, घरातल्या आजाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घ्यावे तसा.

पडद्यावरचा मजकूर मराठीत बोलून दाखवणारा प्रोग्रॅम केवळ ‘स्नॅप’ म्हणून मिळत होता. स्नॅप म्हणजे आपले सारे सामान आत बांधून आलेले बंद गाठोडे. ते उघडण्यासाठी कर्नेलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, एक विशिष्ट फाइल-पद्धत ठाऊक असावी लागते. पुरवठादाराने छाटून दिलेल्या कर्नेलात ती नव्हती, आणि कर्नेल बदलले तर हमी रद्द होणार होती. परीक्षा तोंडावर आली होती. यंत्र बोलले नाही तर या मुलांपर्यंत प्रश्न पोहोचणार कसा?

चिखलदऱ्याकडची एक मुलगी रोज त्याच्या खुर्चीपाशी येऊन विचारी, आज बोलली का मशीन?

“आज नुसती खाकरली, बाई.”

ती हसून जाई. तो हसत नसे. डबाही उघडीनासा झाला होता. टाका दुसरे कर्नेल, कोण पाहतो, असे त्याला सुचवणारे हेच चिटणीस होते. मी तिथेच बसलो होतो. त्याने नकार दिला. अखेर कर्नेलच्या बाहेर राहूनच ते गाठोडे उघडणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याने शोधून बसवला. यंत्रे बोलली. रेंगाळत, पण बोलली. मुलांनी परीक्षा दिली.

उन्हाळ्यात यंत्रे एकामागून एक बंद पडली. कर्नेल बदलले आहे, असे सांगून पुरवठादाराने हमी झटकली. चिटणिसांनी यंत्रे कुलपात घातली आणि त्याला कामावरून काढले.

“काढा मले. पण एक डाव उघडून पाहा, मंग काढा.”

कोणी पाहिले नाही. त्याच्याआधी ही कुजबुज अकोल्याला पोहोचली होती. तिथेही त्याला कोणी यंत्राला हात लावू देईना. फोनवर तो माझी तब्येत विचारी, मग म्हणे, “पाहलं का, सर, कोणी?” गेल्या महिन्यात तो हृदयविकाराने गेला.

परवा भर सभेत मी चिटणिसांकडून किल्ली मागून घेतली. एका यंत्राची डिस्क राजापेठेतल्या दुकानात दुसऱ्या यंत्राला जोडायला लावली आणि तिच्यातले कर्नेल पुरवठादाराच्या मूळ प्रतीशी ताडून घेतले. दोहोंत एका बाइटचाही फरक नाही.